अस्मानी, सुलतानी आणि समाज : बोदवड परिसराच्या अवर्षणेतिहासाची काही साधने

जुन्या महसुली कागदपत्रांत एक जोडशब्द पुनःपुन्हा आढळतो : अस्मानी-सुलतानी. पाऊस न पडणे, टोळधाड, गारपीट ही अस्मानी; फौजेची वाटचाल, लुटालूट, जबर वसुली ही सुलतानी. जमिनीचा कौल देताना ह्या दोन्हींचा उल्लेख करून त्या प्रसंगी सूट मिळेल असे आश्वासन लिहून देण्याची वहिवाट होती. म्हणजे आभाळाने दिलेला मार आणि माणसाने दिलेला मार हे निराळे असले तरी शेतकऱ्याच्या पाठीवर दोन्ही सारखेच उमटतात, हे त्या काळच्या कारकुनालाही ठाऊक होते. आज हवामानबदलाच्या अभ्यासाने ह्या जोडशब्दाचा अर्थ उलटा केला आहे. कोळसा आणि खनिज तेल जाळून वातावरण तापविण्याचे काम माणसाने केले. आणि त्यामुळे अस्मानीचा एक मोठा वाटा आता सुलतानीच्या सदरात घालावा लागतो. इतिहासाच्या अभ्यासकाला ह्याचा विचार करणे प्राप्त आहे, कारण दुष्काळाचा इतिहास आपण आजवर बहुतांशी 'निसर्गाचा कोप आणि सरकारची मदत' ह्या दोनच खणांत लिहीत आलो. तिसरा खण समाजाचा. समाजाने पाण्याची वाटणी कशी केली, पावसाविषयीचे आपले ज्ञान कोणत्या विधींत आणि गाण्यांत साठविले, आणि शास्त्रीय संशोधन त्याच्या दारी आले तेव्हा त्याने त्याचे काय केले, ह्याचा शोध प्रस्तुत लेखात खानदेशच्या पूर्व टोकावरील बोदवड परिसर डोळ्यांसमोर ठेवून घेतला आहे.

बोदवड हे गाव पूर्वी भुसावळ तालुक्यात मोडत असे. पुढे ते स्वतंत्र तालुक्याचे ठिकाण झाले. उत्तरेस पूर्णा आणि तापी, दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगररांगांकडे चढत जाणारी जमीन, पूर्वेस बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूर आणि मोताळा हे तालुके, अशी त्याची चतुःसीमा. जमीन काळी, कपाशीला आणि ज्वारीला मानवणारी. परंतु गावाजवळून बारमाही वाहणारी नदी नाही. पूर्णा आणि तापी ह्यांचा संगम चांगदेव येथे होतो, तो फार दूर नाही. तरी त्या पाण्याचा बोदवडच्या शेताला परंपरेने काडीचाही उपयोग झाला नाही. त्याचे कारण नदीच्या स्वरूपात आहे. तापीचे आणि पूर्णेचे पात्र गाळाच्या मैदानात खोल गेलेले, काठ उंच, दरडी उभ्या. अशा नदीला बंधारा घालून पाट काढणे जुन्या साधनांनी शक्य नव्हते. नदी डोळ्यांना दिसावी आणि शेत कोरडे राहावे, हा ह्या भागाचा जुना भोग आहे.

खानदेशाच्या पश्चिम भागात मात्र निराळे चित्र दिसते, आणि बोदवडचे वेगळेपण समजण्यासाठी ते नीट पाहणे अवश्य आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी उगम पावणाऱ्या पांझरा, मोसम, आरम ह्या नद्यांच्या पात्राला चांगला उतार आहे आणि जागोजागी कातळ उघडा पडलेला आहे. तेथे दगडी बंधारे घालून एका काठाने पाट काढण्याची पद्धत तीन-चारशे वर्षे तरी चालत आलेली आहे. हीच फडपद्धती. एका बंधाऱ्यावर भिजणाऱ्या एकूण जमिनीला 'थळ' म्हणत, आणि ह्या थळाचे जे मोठे तुकडे पाडलेले असत ते 'फड'. सामान्यतः थळाचे चार फड असत. एका फडात एका वर्षी एकच पीक घ्यायचे. उसाचा फड पुढल्या वर्षी दुसरीकडे सरकायचा आणि पिकांची पाळी अशी फिरत राहायची.

ह्या व्यवस्थेतील मर्माची गोष्ट पिकांच्या पाळीत नाही. प्रत्येक खातेदाराची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडी थोडी असे, हे ते मर्म होय. पाऊस कमी पडला, बंधाऱ्यावर पाणी कमी आले, तर गावकरी बसून ठरवीत की यंदा एक फड कोरडा ठेवावयाचा. तो फड कोणा एकाचा नसल्यामुळे नुकसान सर्वांच्या वाट्याला सारखे येई. पाण्याच्या टंचाईत वरच्या टोकाचा शेतकरी तरतो आणि शेवटच्या टोकाचा बुडतो, हे कालव्याच्या सिंचनाचे सनातन दुखणे. फडाने त्यावर जमिनीच्या विभागणीतूनच उपाय काढला होता. कागदावर नियम लिहून तो अमलात आणण्यासाठी अंमलदार नेमण्यापेक्षा, कोणाचाही स्वार्थ शेजाऱ्याच्या स्वार्थापासून सुटा राहू नये अशी जमिनीचीच मांडणी करणे, ही कल्पना ज्याला किंवा ज्यांना सुचली त्यांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत.

पाण्याची प्रत्यक्ष वाटणी पाटकरी करी. शेतकऱ्याने स्वतः आपल्या शेतात पाणी घ्यावयाचे नाही. पाटकऱ्याने क्रमाने एकेका वाफ्याला द्यावयाचे. उभ्या पिकाची राखण करण्यास जागल्या, देखरेखीस हवालदार. ह्यांचा मोबदला पिकाच्या वाट्यातून दिला जाई, त्यामुळे पीक बुडाले तर त्यांचेही बुडे. पावसाळ्यापूर्वी पाटातील गाळ काढण्याचे काम सर्व लाभधारकांनी मिळून करावयाचे. वरच्या बंधाऱ्यातून सुटलेले पाणी खालचा बंधारा अडवी. एकाच नदीवर अशा बंधाऱ्यांची माळ असल्यामुळे गावागावांतही परस्परांच्या पाण्याची मर्यादा पाळावी लागे. साक्री तालुक्यातील सामोडे येथील फडांचा अभ्यास पुढे अभियंत्यांनी केला, आणि के. आर. दात्ये व आर. के. पाटील ह्यांनी १९८७ मध्ये शेतकऱ्यांनी चालविलेल्या सिंचनव्यवस्थांवरील आपल्या अभ्यासात ह्या पद्धतीला मध्यवर्ती स्थान दिले.

येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. अलीकडे फडपद्धतीविषयी जे लिहिले जाते त्यात तिला ग्रामीण लोकशाहीचा आदर्श म्हणून गौरविण्याची प्रवृत्ती दिसते. हा गौरव अर्धाच खरा आहे. फडातील समता ही खातेदारांमधील समता होती. ज्याला थळात जमीन नाही त्याला पाण्यात वाटा नव्हता. भिल्लांचा आणि गावकुसाबाहेरच्यांचा ह्या व्यवस्थेशी संबंध आला तो मजुराचा किंवा राखणदाराचा. शिवाय थळाबाहेरची कोरडवाहू जमीन फडाच्या व्यवस्थेत नव्हतीच. तथापि टंचाईचे वर्ष हे अपवाद नसून व्यवस्थेचा नेहमीचा भाग आहे असे धरून नियम करणे, हा गुण तिच्यात निश्चित होता, आणि नंतरच्या कित्येक सरकारी योजनांत तोच आढळत नाही.

फडाकडे सरकारी अभियंत्यांचे लक्ष एकोणिसाव्या शतकातच गेले होते. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून रुजू झाले तेव्हा त्यांच्याकडे प्रथम आलेल्या कामांत पांझरेच्या पाटावरील एका नळसेतूचे काम होते; साक्री तालुक्यातील दातर्तीचा तो नळसेतू आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. पुढे त्यांनी दख्खनच्या कालव्यांसाठी गटपद्धती सुचविली. उसासारखे पाणी पिणारे पीक गटाच्या एका भागात, उरलेल्या भागात कमी पाण्याची पिके, आणि दरवर्षी त्यांची अदलाबदल, असे तिचे स्वरूप होते. नीरा कालव्यावर ती अमलात आली. हे फडाचेच सरकारी रूप होय असे अनेकांनी म्हटले आहे. साम्य उघड आहे. पण साम्यावरून ऋण सिद्ध होत नाही, आणि दोहोंतील भेदही मोठा आहे : गटपद्धतीत पाणी देणारा खात्याचा नोकर होता, फडात तो गावाचा होता.

आता पुन्हा पूर्वेकडे वळू. बोदवड परिसराजवळ फड नव्हता, पाट नव्हता. होती ती विहीर, मोट आणि पाऊस. महसुली भाषेत सांगावयाचे तर पाटस्थळ नाही, मोटस्थळ थोडे, बाकी सारे जिरायत. अशा मुलखात अवर्षणाचा घाव खोल बसतो. १६३० ते १६३२ ह्या वर्षांतील दख्खन-गुजरातचा दुष्काळ ह्याचा भीषण दाखला आहे. त्या वेळी शहाजहानची छावणी बऱ्हाणपुरास होती. म्हणजे बोदवडपासून फार तर तीन-चार मजलांवर. पीटर मंडी हा इंग्रज व्यापारी १६३० च्या अखेरीस सुरतेहून आग्र्यास जाताना खानदेशातून बऱ्हाणपुरास गेला. वाटेवर पडलेली प्रेते, ओस गावे आणि पोटासाठी विकली जाणारी मुले ह्यांचे त्याने केलेले वर्णन प्रसिद्ध आहे. दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी ह्याने लंगर उघडल्याचे आणि बऱ्हाणपुरास दर सोमवारी पाच हजार रुपये ह्याप्रमाणे वीस आठवडे वाटल्याचे नमूद केले आहे. त्याच दुष्काळात देहूस तुकोबांच्या घरचा संसार उद्ध्वस्त झाला. एकाच आपत्तीची ही तीन साधने : प्रवाशाची रोजनिशी, दरबाराची तवारीख आणि संताचे चरित्र. त्यांत तापीकाठच्या कुणब्याचे स्वतःचे काही नाही. त्याने पेवातले धान्य केव्हा काढले, बैल केव्हा विकला, घर केव्हा सोडले, हे कोणीच लिहून ठेवले नाही.

पेवाचा उल्लेख मुद्दाम केला. जमिनीत खणलेल्या पेवात दोन-तीन वर्षांची ज्वारी साठवून ठेवणे हा कोरडवाहू मुलखाचा अवर्षणाविरुद्धचा खरा विमा होता. ह्या विम्याला धक्का बसला तो पावसाने नव्हे, कापसाने. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि खानदेशच्या कापसाचे भाव चढले. नेमक्या ह्याच सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची नागपूर शाखा भुसावळहून पूर्वेस सरकत होती. १८६७ मध्ये ती नागपुरास पोहोचली. बोदवडचे स्थानक गावाच्या बाहेर नाडगावाजवळ ह्याच मार्गावर आहे. काळी जमीन, कापूस आणि आगगाडी ह्यांचा योग जुळून आला आणि बोदवड ही कापसाची बाजारपेठ झाली.

ह्याचा परिणाम दुहेरी झाला. आगगाडीमुळे दुष्काळात बाहेरचे धान्य येऊ शकत होते. पण ते विकत घ्यावे लागत होते. पूर्वी धान्य गावात होते आणि पैसा नव्हता. आता धान्य बाजारात होते आणि पैसा सावकाराच्या वहीत होता. १८९६-९७ आणि पुन्हा १८९९-१९०० असे दोन दुष्काळ लागोपाठ आले तेव्हा लोकांना प्रश्न पडला तो धान्य आहे की नाही हा नसून ते घेण्यास मजुरी कोठे मिळेल हा होता. विक्रम संवत १९५६ मध्ये पडल्यामुळे ह्यांतील दुसरा दुष्काळ 'छप्पनचा' म्हणून ओळखला गेला. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर तयार झालेल्या दुष्काळसंहितेत मजुरीची कामे काढण्याची, साऱ्यात तहकुबी वा सूट देण्याची तरतूद होती. ती रयतेला ठाऊक मात्र नव्हती. १८९६-९७ मध्ये लोकमान्य टिळकांनी 'केसरी'तून आणि पुणे सार्वजनिक सभेच्या कार्यकर्त्यांमार्फत ह्या संहितेतील हक्क जिल्ह्याजिल्ह्यांत समजावून सांगण्याचा उपक्रम केला. सरकारने १८९७ मध्ये सभेची मान्यता काढून घेतली. सरकारचाच कायदा लोकांना वाचून दाखविणे हा अपराध ठरावा, ही त्या काळाच्या सुलतानीची एक मासलेवाईक तऱ्हा.

कागदोपत्री पुराव्याची ही अवस्था असताना समाजाच्या बाजूचे साधन कोठे शोधावे? माझ्या मते ते विधींत आणि गाण्यांत शोधावे लागते, मात्र ते कशाचे साधन आहे हे आधी ठरवून.

खानदेशात अक्षय्यतृतीयेला आखाजी म्हणतात. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. त्याच दिवशी पाण्याने भरलेली घागर मातीच्या चार ढेकळांवर ठेवतात. ही चार ढेकळे पावसाळ्याच्या चार महिन्यांची. घागर पाझरून जे ढेकूळ अधिक भिजेल त्या महिन्यात पाऊस अधिक, असा आडाखा. बोदवडच्या पूर्वेस, जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर होते. आखाजीच्या संध्याकाळी शेतात वर्तुळ आखून अठरा प्रकारचे धान्य मांडतात, मध्ये ढेकळांवर घागर ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यात रात्रीतून झालेले बदल पाहून पाऊस, पिके आणि भाव ह्यांचे भाकीत सांगतात. चंद्रभान महाराज वाघ ह्यांच्या घराण्यात ही परंपरा सुमारे तीनशे वर्षे चालत आली आहे असे सांगतात. विदर्भ-खानदेशातील शेतकरी आणि व्यापारी ते ऐकावयास जमतात. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी ह्या भाकितांवर आक्षेप घेतला आहे, आणि भाकीत म्हणून तो आक्षेप बिनतोड आहे. रात्रभरात धान्याचा दाणा सरकला ह्यावरून भाद्रपदातला पाऊस कळत नाही.

तथापि इतिहासाच्या अभ्यासकाने प्रश्न थोडा निराळा विचारला पाहिजे. आखाजी हा सालदाराचे साल संपण्याचा आणि नवे साल ठरविण्याचा दिवस. बी कोणते राखावयाचे, कपाशी किती आणि ज्वारी किती, बैलजोडी घ्यावयाची की नाही, उसनवारी कोणाकडे करावयाची, हे सर्व निर्णय ह्याच दिवसांत होतात. अशा वेळी गावाने एकत्र बसून येत्या पावसाविषयी मोठ्याने बोलणे ह्याला, भाकीत खरे ठरो वा खोटे, एक सामाजिक कार्य आहे. प्रत्येकाने आपल्या मनात धरलेली भीती त्या दिवशी सार्वजनिक होते. म्हणून घटमांडणी हे पर्जन्यमानाचे साधन नव्हे. ते समाजाच्या निर्णयप्रक्रियेचे साधन होय. हा भेद न केल्यामुळे एका बाजूने अवास्तव श्रद्धा आणि दुसऱ्या बाजूने अवास्तव तुच्छता असा आपल्याकडील वाद चालू राहिला आहे.

नक्षत्रांच्या आडाख्यांची गोष्ट ह्याहून वेगळी. मृगात पेरणी, आर्द्रेत कोळपणी, हस्ताचा पाऊस रब्बीला, अशी जी वाटणी कुणब्याच्या जिभेवर आहे तिच्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचे निरीक्षण आहे. परंतु सूर्याचा मृगप्रवेश निरयन गणनेने ठरतो, आणि अयनचलनामुळे ही गणना ऋतूंपासून सुमारे ७१-७२ वर्षांत एक दिवस ह्या वेगाने दूर सरकते. तुकोबांच्या काळापासून आजवर पाच-साडेपाच दिवसांचे अंतर पडले. हा सरक इतका संथ आहे की जिभेवरचे आडाखे त्याच्याशी नकळत जुळवून घेऊ शकले. गेल्या काही दशकांत पावसात पडलेला फरक मात्र तसा संथ नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ ह्या काळात सुमारे तिपटीने वाढल्या. आणि ही वाढ होत असताना पावसाळ्याचा एकूण पाऊस कमी होत गेला. म्हणजे खंड लांबले आणि सरी दांडग्या झाल्या. अशा पावसाला नक्षत्राचा आडाखा पुरा पडत नाही, हे बोदवडच्या कोणत्याही वयस्क शेतकऱ्याला अभ्यासाचा निष्कर्ष न वाचताही माहीत असते.

ह्या निरीक्षणपरंपरेचे सर्वात मोठे वाङ्मयीन साधन म्हणजे बहिणाबाई चौधरी ह्यांची कविता. जळगावजवळच्या असोद्यास १८८० मध्ये जन्मलेल्या आणि जळगावात १९५१ मध्ये वारलेल्या ह्या स्त्रीला अक्षरओळख नव्हती. कामे करताना त्या गात, आणि मुलगा सोपानदेव व आप्त ते उतरून घेत. आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये ही कविता ग्रंथरूपाने बाहेर आली तेव्हा तिच्या तत्त्वचिंतनाचे कौतुक झाले, आणि अजूनही होते. मला तिच्याकडे वेगळ्या कारणासाठी लक्ष वेधावयाचे आहे. छप्पनच्या दुष्काळात बहिणाबाई विशीला टेकल्या होत्या. त्याआधी १८९६-९७, पुढे प्लेगची साथ, वैधव्य, वाटण्या : त्यांच्या आयुष्याचा पूर्वार्ध अस्मानीच्या छायेत गेला. तरी त्यांच्या कवितेत दुष्काळाचा आक्रोश मुख्य नाही. तेथे नांगरट आहे, पेरणी आहे, मोट आहे, उपणणी आहे. एकेका कामाचे हात, हत्यारे आणि वेळ ह्यांचे इतके अचूक वर्णन आहे की मोट नामशेष झाल्यानंतरच्या वाचकालाही ती कशी चाले हे कळावे. ही भाषाही बोदवड-भुसावळ-जळगाव पट्ट्यातील लेवा बोली. पश्चिमेकडील अहिराणीशी तिचे नाते आहे, पण ती तीच नव्हे. शेतीतील ज्ञान ज्या शब्दांत साठलेले असते ते शब्द गेले की ज्ञानही जाते. म्हणून हवामानबदलाच्या अभ्यासकाने बोलींच्या कोशांकडे केवळ भाषाशास्त्राची बाब म्हणून पाहू नये. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाईंचे नाव देण्यात आले. त्यांच्या कवितेतील कृषिशब्दांचा ऋतुवार कोश करणे हे त्या विद्यापीठाला साजेसे काम ठरेल.

कला आणि समाजाचे दुःख ह्यांची सांगड राजकीय पातळीवर ह्या जिल्ह्यात घातली गेली ती १९३६ ते १९३८ ह्या काळात. डिसेंबर १९३६ मध्ये राष्ट्रीय सभेचे अधिवेशन यावल तालुक्यातील फैजपूर येथे भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. शांतिनिकेतनचे नंदलाल बोस ह्यांनी तेथील टिळकनगराची सजावट बांबू आणि स्थानिक जिन्नस वापरून केली, आणि ह्याच अधिवेशनात शेतकऱ्यांच्या मागण्यांचा कार्यक्रम संमत झाला. अधिवेशनाच्या तयारीसाठी साने गुरुजी गावोगाव हिंडले होते. दोनच वर्षांनी, १९३८ मध्ये, पूर्व खानदेशात अतिवृष्टीने पिके गेली. तेव्हा सारामाफीसाठी गुरुजींनी सभा आणि मिरवणुका ह्यांचे रान उठविले, शेतकऱ्यांचा मोर्चा कलेक्टर कचेरीवर नेला. त्यांनी रचलेली शेतकऱ्यांची गाणी लोकांच्या तोंडी बसली, आणि त्याच वर्षी सुरू केलेले त्यांचे 'काँग्रेस' हे साप्ताहिक ह्या प्रश्नांना वाहिलेले होते. अवर्षणाचा नव्हे, ओल्या दुष्काळाचा हा प्रसंग. आणि आजच्या काळाशी त्याचे साम्य अधिक आहे. येथे गाणे करमणुकीसाठी नव्हते, आणि प्रार्थनेसाठीही नव्हते. ते अर्ज लिहू न शकणाऱ्यांचा अर्ज होते.

स्वातंत्र्योत्तर काळातील घटना वाचकांच्या परिचयाच्या आहेत. त्यांचा धावता उल्लेख पुरे. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर मजुरीची कामे निघाली, त्यांतून रोजगार हमीचा १९७७ चा कायदा झाला. तापीवर हतनूर येथे धरण झाले. पश्चिमेकडे वरच्या अंगास धरणे झाल्यामुळे पांझरेवरील फडांच्या बंधाऱ्यांकडे येणारे बारमाही पाणी आटले आणि बहुतेक फड मोडकळीस आले. सातपुड्याच्या पायथ्याशी रावेर-यावल पट्ट्यात विजेच्या पंपांनी भूजल उपसून केळी उभी राहिली. आता तेथील पाण्याची पातळी खोल गेली आहे. बोदवडला ह्यांतले काहीच मिळाले नव्हते. हतनूरच्या वरच्या अंगास पूर्णेचे पुराचे पाणी उचलून बोदवड, मुक्ताईनगर, जामनेर आणि पलीकडच्या मलकापूर-मोताळा भागास देण्याची उपसा सिंचन योजना आखली गेली. उंच काठांमुळे शतकानुशतके न आलेले पाणी पंपाने चढविण्याचा हा प्रयत्न. ह्या पाण्याची वाटणी गावात कोण करणार, हा फडाचा प्रश्न त्यामुळे बोदवडकरांसमोर प्रथमच उभा राहतो.

संशोधन गावात कसे येते, ह्याचे तीन नमुने खानदेशात जवळजवळ एकाच पिढीत पाहावयास मिळाले. शिरपूर तालुक्यात भूगर्भशास्त्रज्ञ सुरेश खानापूरकर ह्यांनी २००४ पासून नाले रुंद व खोल करून त्यांवर साखळीने बंधारे घालण्याचा प्रयोग केला. तेथील गाळाच्या थरांत त्याचा गुण आला. मात्र पुढे कातळाच्या प्रदेशातही सरसकट नाले खोल करण्याची जी लाट आली, तिच्याविषयी भूजलतज्ज्ञांनी गंभीर शंका नोंदविल्या आहेत. जमीन बदलली की उपाय बदलतो, हे फड बांधणाऱ्यांना कळले होते. ज्या नदीला कातळ व उतार नाही तिच्यावर त्यांनी बंधारा घातला नाही.

दुसरा नमुना साक्री तालुक्यातील बारीपाडा ह्या आदिवासी पाड्याचा. चैत्राम पवार ह्यांच्या पुढाकाराने १९९० नंतरच्या दशकात पाड्याने उघडा पडलेला सुमारे अकराशे एकर वनप्रदेश राखावयास घेतला, तोडीस दंड बसविला, पाणी अडविले. आंतरराष्ट्रीय कृषिविकास निधीने २००३ मध्ये ह्या कामाचा गौरव केला, आणि २०२५ मध्ये पवार ह्यांना पद्मश्री मिळाली. पाड्यावर २००४ पासून दरवर्षी रानभाज्यांची पाककृतिस्पर्धा भरते. स्त्रिया जंगलातील भाज्या शिजवून मांडतात. वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक त्या पाहावयास, नोंदवावयास येतात. स्पर्धा, सण आणि वनस्पतींची मोजदाद ही तेथे एकच गोष्ट झाली आहे. फडात ज्यांना स्थान नव्हते त्यांच्या समाजाने ही व्यवस्था उभी केली, ही गोष्ट मला विशेष अर्थपूर्ण वाटते.

तिसरा नमुना सरकारी आहे. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुरू झाला; मराठवाडा-विदर्भातील जिल्ह्यांबरोबर जळगाव जिल्हाही त्यात होता, आणि पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्याची गावेही. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी ह्यासाठी गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची रीत तयार केली : पडलेला पाऊस, वाहून गेलेले पाणी, जमिनीत मुरलेले पाणी आणि पिकांची गरज ह्यांची जमाखर्चाची वही. ही वही ग्रामसभेत वाचली जावी अशी अपेक्षा. येथे वर सांगितलेल्या आखाजीच्या बैठकीची आठवण होते. गावाने येत्या हंगामाविषयी एकत्र बसून बोलावे, हेच दोन्हींचे प्रयोजन. फरक एवढाच की घागरीच्या ढेकळावर कोणी रागावत नाही, ताळेबंदावर रागावता येते, कारण त्यात शेजाऱ्याच्या बोअरचा हिशेब निघतो.

आमच्या विभागातील विद्यार्थ्यांसाठी ह्या विषयात हाती घेण्याजोगे काम पुष्कळ आहे. धुळ्यात १९२६ च्या अखेरीस इतिहासाचार्य राजवाडे वारले. त्यांच्या नावाने १९२७ मध्ये स्थापन झालेल्या संशोधन मंडळाच्या दप्तरांत आणि पेशवे दप्तरातील खानदेशविषयक रुमालांत कौलनामे आणि सारासुटीचे कागद आहेत. त्यांतील अस्मानीचे उल्लेख वर्षवार लावले तर यंत्रनोंदींच्या आधीच्या अवर्षणांची एक यादी उभी राहील. बोदवडच्या कापूसबाजारातील जुन्या आडत्यांच्या खातेवह्यांतून दुष्काळी वर्षांचे भाव आणि उसनवारी काढता येईल. ह्या वह्या रद्दीत जाण्यापूर्वी पाहिल्या पाहिजेत, आणि कित्येक गेल्याही असतील. आखाजीची आणि कानबाईची गाणी लिहून घेताना गाणारीचे गाव, वय आणि तिच्या घरची जमीन कोरडवाहू की बागायती हेही टिपून ठेवावे. ताळेबंदाच्या ग्रामसभांना बसावे, आणि कोण बोलले ह्याबरोबरच कोण बोलले नाही तेही लिहावे.